फोननं घर मोजलं, आता प्लाय कापू का?

अलीकडच्या काही फोनांत समोरची खोली, भिंत किंवा वस्तू त्रिमितीत उतरवून घेणारा सेन्सर असतो. त्याबद्दल मागच्या अंकात चारच ओळी लिहिल्या होत्या, पण पत्रं भरपूर आली. मी सांगलीत जुन्या घरांची मोजमापं घेते आणि नकाशे काढते, म्हणून संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडेच सरकवला. त्यातली निवडक पत्रं इथं घेतली आहेत.

ताई, मी फर्निचरचं काम करतो. हल्ली गिऱ्हाईक स्वयंपाकघराचा थ्रीडी स्कॅन फोनवर घेऊन येतं आणि म्हणतं, माप घ्यायला यायची गरज नाही, यात सगळं आलंय. या मापावर प्लाय कापू का?
— एक सुतार, माधवनगर

नाही. स्कॅन ठेवून घ्या, गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि टेप घेऊन त्याच्या घरी जा.

कारण सांगते, म्हणजे तुम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायला बरं पडेल. आयफोनच्या प्रो मॉडेलांत मागच्या कॅमेऱ्यांशेजारी एक काळा ठिपका असतो, तो लायडार. तो डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ठिपके समोर फेकतो आणि ते आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटीमीटर जातो. म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीवर जाऊन परत यायला त्याला 20 नॅनोसेकंद लागतात. या हिशेबात नॅनोसेकंदाचा पंधरावा भाग इकडचा तिकडं झाला, की अंतर एका सेंटीमीटरनं चुकलं.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी आयफोन 12 प्रो घेऊन लहानमोठ्या वस्तू आणि समुद्रकाठचा एक कडा मोजून पाहिला होता. ते निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तूंसाठी चूक एक सेंटीमीटरच्या आसपास निघाली, आणि 130 मीटर लांबीच्या कड्यासाठी दहा सेंटीमीटरच्या. कडा मोजणाऱ्याला एवढं मिळालं तरी तो खूश. तुमचं काम मात्र सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात चालतं. एक सेंटीमीटर म्हणजे तीन सुतांहून जास्त. ड्रॉवरच्या चॅनेलसाठी तुम्ही दोन्ही अंगांना अर्धा अर्धा इंच सोडता. त्यातले तीन सूत गेले तर ड्रॉवर आत तरी कसा जायचा?

दुसरी भानगड कोपऱ्यांची. खोलीचा नकाशा काढून देणारी बरीच ॲपं भिंत सरळ धरून चालतात. आपल्याकडची भिंत सरळ असते का? खाली प्लास्टर जाड, वर पातळ, आणि कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला तर बोटभर फट. स्कॅनमध्ये हे पोट दिसत नाही. छान चौकोनी खोली दिसते आणि गिऱ्हाईक हरखतं. तेव्हा ओट्याच्या जागेचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा, ओळंबा सोडा आणि मगच कटिंग लिस्ट लिहा. शिवाय पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, आरसा, काच, स्टीलचा फ्रिज यांच्यावरून किरण भलतीकडेच जातात किंवा परतच येत नाहीत. स्कॅनमध्ये तिथं भोक पडतं, नाहीतर भिंतीच्या मागं दुसरी खोली उगवते.

मग स्कॅन ठेवून का घ्यायचा? रात्री दुकानात बसून ड्रॉइंग काढताना आठवत नाही, की गॅसची नळी खिडकीच्या डाव्या अंगाला होती का उजव्या, एक्झॉस्टचं भोक किती वर होतं, स्विचबोर्ड फ्रिजमागं जातोय का. ते स्कॅनमध्ये फिरवून बघता येतं, पुन्हा फेरी पडत नाही. ॲपलनं 2022 मध्ये ॲप बनवणाऱ्यांना जी सोय दिली, तिच्यामुळं भिंती, दारं, खिडक्याच नव्हे तर फ्रिज आणि शेगडीसुद्धा फोन आपणहून ओळखतो. रंगाचं क्षेत्रफळ, टाइल्सचा अंदाज, पहिलं कोटेशन यांना हे पुरतं. टाइल्स आपण फुटतूट धरून जादाच मागवतो.

आणि एक सांगते, विचारलं नसलं तरी. माप घ्यायला जायचे वेगळे पैसे लावत जा. फुकट मिळतं म्हणूनच लोकांना ते टाळण्यासारखं वाटतं.

हरिपूरला आमचं वडिलोपार्जित हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार आहे. 2005 च्या पुरात पाणी शिरलं, तेव्हापासून रिकामंच आहे. आता बुजवायचं ठरलंय. त्याआधी त्याचा आकार आणि आत किती माल मावत होता हे नातवंडांसाठी नोंदवून ठेवावं असं वाटतं. मुलाकडं आयफोन प्रो आहे. तो दोरीला बांधून आत सोडला तर?
— एक निवृत्त शिक्षक, हरिपूर

गुरुजी, आधी हवेचं बघा, फोनचं नंतर. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात प्राणवायू कमी असतो. तोंड उघडून हवा खेळू द्या, आणि तरीही फोन पडला, दिवा पडला, काहीही झालं तरी ते आणायला कुणीही आत उतरायचं नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेलच. तो विझला तर धोका कळतो, पण विझला नाही म्हणून हवा चांगली असं होत नाही. फोन गेला तर गेला.

आता दोरी. दोरीला बांधलेला फोन गरागरा फिरतो, आणि फिरला की स्कॅनचा चिखल होतो. लांब बांबूच्या टोकाला मोबाईल होल्डर पक्का बांधा, स्कॅन वरच सुरू करा आणि मग बांबू हळूहळू खाली न्या.

पेवात अंधार आहे. लायडारला अंधाराचं वावडं नाही, कारण त्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा असतो. पण आपण कुठं आहोत, किती वळलो, किती खाली आलो हे फोन साध्या कॅमेऱ्यातून भिंतीवरच्या खुणा बघून आणि आतल्या गतीच्या सेन्सरवरून ठरवतो. कॅमेऱ्याला काही दिसलं नाही तर लायडारचे ठिपके बरोबर असूनही ते कुठं मांडायचे हे त्याला कळत नाही. म्हणून आधी बॅटरीचा दिवा दोरीनं तळाशी नेऊन ठेवा. फोनलाच टॉर्च बांधू नका. फोन हलला की सावल्या हलतात आणि त्या हलणाऱ्या सावल्यांनाच तो खुणा समजतो. तुमच्या पेवाच्या मातीच्या भिंती खडबडीत असतील, कुदळीचे घाव असतील, तर फोनला तेवढ्या खुणा पुरतात. गुळगुळीत चुन्याची भिंत असती तर काम अवघड होतं.

दिव्याबरोबर बरोबर एक मीटर लांबीची पांढरी पट्टी खाली सोडा. स्कॅन झाल्यावर ॲपमध्ये ती मोजायची. ती 98 सेंटीमीटर भरली, तर सगळी मापं त्या हिशेबानं वाढवून घ्यायची.

लायडारचा पल्ला पाच मीटरपर्यंत आहे, तेव्हा पेवाच्या पोटाच्या मध्यभागी फोन आला की चहूकडची भिंत टप्प्यात येते. तिथं बांबू सावकाश गोल फिरवा आणि एका फेरीवर थांबू नका, सुरुवातीच्या जागेच्या पुढं थोडं जा. फेरी पुरी होताना सुरुवात आणि शेवट जुळला नाही तर भिंत दुहेरी दिसते. तसं दिसलं तर ती फेरी पुन्हा घ्या.

माल किती मावत होता, हा हिशेब मात्र ढोबळच समजा. चार मीटर रुंद पोटात त्रिज्या दोन मीटर. प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटरची चूक धरली, तरी घनफळ पाच टक्क्यांनी बदलतं. घरी जुनी वही असेल तर पोत्यांचा आकडा तिच्यातून घ्या, आणि आकार फोनमधून. फाइल कुठल्याही ॲपच्या हवाली करून विसरू नका. ओबीजे किंवा पीएलवाय या थ्रीडी फाइलींच्या प्रकारात काढून दोन ठिकाणी ठेवा. ॲपं बंद पडतात.

मिरजेत आमच्याकडं तंबोरे होतात. प्रत्येक भोपळ्याचा आकार वेगळा. परगावी पाठवायच्या पेट्यांसाठी आकार फोनवर घेता येईल का? तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा बाकही त्यातूनच मिळाला तर उत्तम.
— एक वाद्यकारागीर, मिरज

पेटीसाठी जरूर. आत फोम असतो, एका सेंटीमीटरची चूक तो पोटात घेतो. तबलीचा बाक मात्र फोनवर सोडू नका. तिथं मिलिमीटरचाही भाग महत्त्वाचा, त्याला तुमचा हात आणि साचाच हवा. तारा तर स्कॅनमध्ये येतच नाहीत, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आली तर मेणाचा गोळा होऊन येते.

भोपळ्यासाठी मी लायडारपेक्षा फोटोंचा मार्ग सांगेन. एकावर एक येणारे पुष्कळ फोटो काढायचे आणि ॲप त्यातून आकार बांधतं. याला महागडा फोन लागत नाही. भोपळा स्टुलावर ठेवा आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरा. भोपळा फिरवलात तर मागची भिंत जागच्या जागी राहते आणि ॲप गोंधळतं. पॉलिश करण्याआधीच काम उरका, कारण चकाकीत खिडकीचं प्रतिबिंब फिरतं. ढगाळ दिवस किंवा सावलीतला व्हरांडा सगळ्यात चांगला. शेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नका. नुसत्या फोटोंवरून वस्तू वीतभर आहे का हातभर, हे कळत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यांच्या आकारांचा असा संग्रह एकेका घराण्यानं आत्ताच करायला घेतला तर फार बरं होईल. हे माझं मत; पेटीपुरतं विचारलंत, तेवढ्यावर भागवलं नाही.

माझ्या फोनला मागं तीन कॅमेरे आहेत आणि एकावर डेप्थ लिहिलंय. मग त्यात थ्रीडी स्कॅन का होत नाही? स्वस्तात कुठला घेऊ?
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

दोन मेगापिक्सलचा डेप्थ कॅमेरा माणसामागचं धूसर करण्यापुरता. त्यानं खोली मोजली जात नाही.

हा खेळ गूगलनं फार आधी मांडला होता. 2014 मध्ये फोनला भोवतालची जागा त्रिमितीत मोजायला लावणारा प्रोजेक्ट टँगो जाहीर झाला, 2016 मध्ये लेनोवोचा फॅब 2 प्रो आला. खिशात मावेना असा, 6.4 इंची. पुढच्या वर्षी असुसचा झेनफोन एआर आला आणि मार्च 2018 मध्ये गूगलनं टँगोच गुंडाळला. सॅमसंगनं एस10 5जी, नोट 10 प्लस, एस20 प्लस आणि एस20 अल्ट्रामध्ये अंतर मोजणारा सेन्सर दिला, तो एस21 पासून काढला. ॲपलनं 2020 मध्ये आधी आयपॅड प्रोत आणि मग आयफोन 12 प्रोत लायडार दिला. साध्या, प्रो नसलेल्या आयफोनांत तो नाही. तेव्हा जुन्या बाजारात 12 प्रो बघ, आणि दुकानदार नुसता 12 हातात देत असेल तर नको म्हण. पण अभ्यासापुरतं करायचं असेल तर पैसे खर्चू नकोस, वरचा फोटोंचा मार्ग तुझ्या फोनवर चालतो.

त्या किरणांनी बाळाच्या डोळ्यांना काही होतं का?
— एक आजी, वाई

नाही, आजी. तो सर्वांत सौम्य वर्गातला लेसर आहे, नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित. बाळाला फोनच कमी दाखवा, ते वेगळं.

वडिलांची दृष्टी काचबिंदूनं गेली. लायडारवाला फोन दार दाखवतो असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, सातारा

खरं आहे. आयफोनच्या मॅग्निफायर ॲपमध्ये समोर माणूस किती अंतरावर आहे हे सांगणारी सोय 2020 मध्ये आली आणि दार ओळखणारी 2022 मध्ये. दोन्हींना लायडार लागतो, म्हणजे प्रो मॉडेलच हवं. दार किती लांब, उघडं का बंद, ढकलायचं का मूठ फिरवायची, वर काही पाटी असेल तर तीही, असं फोन बोलून सांगतो. दवाखान्याच्या लांब बोळात याचा उपयोग होतो.

पण हे दारापुरतंच. पायरी, उघडं गटार, वाटेत लावलेली मोटारसायकल यांसाठी पांढरी काठीच हातात हवी. आणि एका हातात काठी, दुसऱ्यात फोन धरला तर कठडा कशानं धरायचा, हेही बघा. काहीजण फोन गळ्यात अडकवतात. विकत घ्यायच्या आधी नात्यात कुणाकडं प्रो असेल तर आठवडाभर मागून आणा आणि वडिलांना घरच्याच दारांवर वापरू द्या. आपली कडी-कोयंड्याची दारं त्या फोनला किती उमगतात, ते तेच तुम्हाला सांगतील.