लहानपणीचा खाऊ आता तसा लागत नाही. खाऊ बदलला की आपली जीभ?

खाऊ बदलला. "जीभ बदलली" हे वाक्य दादाने मला पंधरा वर्षं ऐकवलंय, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

आम्हा दोघांत मिळून बिस्किटांचा एक पुडा असायचा. वाटणी दादा करायचा आणि एखादं उरलं तर ते मला द्यायचा. दाताखाली कट्ट आवाज व्हायचा आणि लोण्याचा वास थेट नाकात शिरायचा. मोठेपणी तोच पुडा आणला, तर टाळूवर मेणासारखा थर. मी म्हटलं, "यात लोणी नाहीये." दादा म्हणाला, "बिस्कीट तेच आहे गं, तू मोठी झालीस." पुढे चारचौघांतही तो हेच सांगू लागला, आणि मला ते फार लागायचं.

मागच्या वर्षी आईचं कपाट आवरताना माझ्या चौथीच्या वहीत त्या पुड्याचा कागद सापडला, खूण म्हणून घातलेला. पीठ, साखर आणि तिसरं लोणी! नव्या पुड्यावर तिसरं पामतेल, लोणी पार तळाला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे लोणी नावापुरतंच. लोणी तोंडातल्या उबेने वितळतं. पामतेलातला घट्ट अंश तिथेही पुरता वितळत नाही. माझी टाळू खोटं बोलत नव्हती.

पुडाही हलका झालाय. हे सगळीकडे चालतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली टॉब्लरोन या त्रिकोणी तुकड्यांच्या चॉकलेटच्या त्रिकोणांमधली फट रुंद केली आणि ४०० ग्रॅमचा बार ३६० ग्रॅमचा झाला. तिथे लोकांनी आरडाओरडा केला, त्यांना कुणी "तुम्ही मोठे झालात" म्हणालं नाही.

आता जिभेचं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि वय वाढलं की वास घेण्याची क्षमता मंदावते, हे खरं आहे. शिवाय प्रत्येक बदल वाईट नसतो: ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारा चरबीचा प्रकार) हृदयाला घातक, ते खाऊतून कमी झालं ते बरंच झालं, थोडा खुसखुशीतपणा गेला तरी.

पण तुम्हाला कुणी "तुझीच जीभ बदलली" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. जुना कागद, जुना डबा, काहीही शोधा आणि दोन्ही याद्या त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा. मी दादाला दोन्हींचे फोटो पाठवलेत. "बघतो" म्हणाला, त्याला चार महिने झाले.