इंदूरला वाढणाऱ्या लहान मुलांना राक्षस-परीच्या गोष्टींतून मराठी वाचायला शिकवता येतं का?

हो, नक्की येतं, आणि इंदूरला तर निम्मं काम शाळेनेच केलेलं असतं, हिंदीमुळे देवनागरी येतेच, अडतं ते ळ पाशी आणि च-ज च्या दोन उच्चारांपाशी, म्हणजे चमचा मधला च वेगळा आणि चार मधला वेगळा. हे नियम पाठ करून घेऊ नका हो, गोष्टीत घाला. पाताळपाणीच्या धबधब्याखाली एक काळा राक्षस राहतो, त्याला जांभळं आवडतात, केळं दिलं की रडतो, असं काहीतरी रोज रात्री थोडं थोडं वाढवा, ळ आपोआप कानावर पडत राहतो. मग मूल जे वाक्य सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्याच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहा आणि बोट ठेवून वाचायला लावा, स्वतःचं वाक्य असलं की शब्द पटापट ओळखतात. ऐन रंगात थांबून पुढे काय होईल ते विचारा, हे तर सोडूच नका, कारण अंदाज बांधणं, आधी काय झालं नंतर काय ते सांगणं, यातूनच वाचलेलं समजायला लागतं. घाबरलं तर राक्षस छोटा करा. लिहिताना चुकलं तर लगेच लाल पेन नको, पहिलीतलं मूल आवाज ऐकून अक्षर लावतंय हेच खूप आहे. आणि आजीला तिच्या इंदुरी मराठीतच सांगू द्या, पुस्तकी भाषा नंतर येते.