फोटोतले डोळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं छिद्र खूप उघडं; आकडा वाढला की ते लहान होतं). मुलीचे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतात, पण संगणकावर मोठे केले की कानशिलावरचे केस लख्ख आणि डोळे मऊ. लेन्स खराब आहे का? (सांगली)

उत्तर : बहुधा नाही. दीड मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो, त्यातलाही साधारण निम्माच डोळ्याच्या पुढे. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून, बटण अर्धं दाबून तुम्ही चौकट सरकवत असाल, तर फोकसचं प्रतलही (जिथे सगळं स्पष्ट दिसतं ती सपाटी) कॅमेऱ्याबरोबर वळतं आणि डोळ्याच्या मागे पाऊण-एक सेंटिमीटर जातं. तेवढ्यात मुलगी किंचित पुढे झुकली, किंवा तुम्हीच पुढे डुललात, की काम बिघडलं.

म्हणून फोकसचा बिंदूच डोळ्यावर न्या. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती आणि सतत फोकस (माणूस हलला की फोकसही बदलत राहतो), दोन्ही चालू ठेवा. ही सोय कधीकधी लांब पापण्यांना किंवा चष्म्याच्या फ्रेमला चिकटते. दर चार-पाच फोटोंनंतर डोळा मोठा करून बुबुळाच्या रेषा दिसतात का ते पाहा. चेहरा तिरपा असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा धरा. पलीकडचा थोडा मऊ असला तरी चालतो, उलट झालं तर तो फोटो ठेवू नये.

आणि एफ/१.८ चा हट्ट सोडा. एफ/४ ला तोच पट्टा साडेसात सेंटिमीटर होतो. शटरचा वेग तेवढाच ठेवला तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० चा १००० होईल, पण मऊ डोळ्यापेक्षा फोटोत थोडे दाणे परवडले. लहान मुलांसाठी शटर १/२०० सेकंदापेक्षा मंद नको.

प्रश्न : भर दुपारी अंगणात आजोबांचे फोटो काढले. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आले. एडिटिंगमध्ये उजळले तर विचित्र दिसतात. (जुन्नर)

उत्तर : ऊन डोक्यावर असलं की भुवईची सावली थेट डोळ्यात पडते. शिवाय बुबुळावरचा पारदर्शक पडदा बहिर्वक्र आरशासारखा असतो: समोर उजळ काही असेल तरच त्यात चमक उमटते. चमक नसलेला डोळा निर्जीव वाटतो, मग तो कितीही उजळा.

आजोबांना दाराच्या उंबऱ्याच्या पाऊलभर आत, बाहेर तोंड करून बसवा. मोकळं आकाश डोळ्यात उतरेल. चमक बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी यावी. येत नसेल तर हनुवटी बोटभर वर घ्यायला सांगा. डोळ्यांखाली अजून काळं वाटलं तर दोन फुटी पांढरं थर्माकोल छातीच्या खाली, चौकटीबाहेर, तिरपं धरा. फार जवळ आणलं तर खालून उजेड टाकल्यासारखा भुताचा चेहरा होतो. रिंग लाइटची गोल कडी डोळ्यात शोभत नाही, निदान सत्तरीच्या माणसाच्या.

एडिटिंगमध्ये डोळ्याचा पांढरा भाग एक तृतीयांश स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजळू नका. तो कागदासारखा पांढरा कधीच नसतो.

प्रश्न : चष्म्यावर खिडकी दिसते. पोलरायझर (प्रतिबिंबाची चमक कमी करणारा फिल्टर) लावू का? (डोंबिवली)

उत्तर : समोरून काढताना त्याचा फारसा उपयोग नाही, तो तिरप्या कोनातल्या प्रतिबिंबावर चालतो. चेहरा खिडकीपासून थोडा वळवा किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून पाच-सहा मिलिमीटर उचला, म्हणजे काचा खाली झुकतील. दिवा वापरत असाल तर तो वर आणि बाजूला न्या.