‘साधारण’ नको, नेमका आकडा सांग

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू गेलास आणि मी बराच वेळ टेबलापाशीच बसून राहिलो. काकूने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तुला शब्द दिला होता, म्हणून सांगितलं नाही. पण तुझ्यासाठी केलेली ही माझी शेवटची लपवाछपवी, हे आधीच सांगून ठेवतो.

तू दोन लाख मागायला आला होतास. मी नाही म्हटलं आणि तुझा चेहरा उतरला. जिना उतरताना तू दिवाही लावला नाहीस. रागावला असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

एकूण देणं किती आहे, असं मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? “साधारण दीड-दोन.” त्यानंतर आपण कागद घेऊन बसलो. एका क्रेडिट कार्डाचा पासवर्ड तुला आठवेना, दुसऱ्याचं बिल तू मार्चपासून उघडलंच नव्हतंस. दीड तास गेला. पहिल्या कार्डावर १,१२,६४०. दुसऱ्यावर ८६,२१५. तिसऱ्यावर ४१,०९०. मोबाइलचे हप्ते आणि त्या ‘नंतर पैसे द्या’वाल्या ॲपचे मिळून ३३,४७३. बेरीज २,७३,४१८. तुझ्या त्या ‘साधारण’च्या पोटात पाऊण ते सव्वा लाख रुपये दडून बसले होते.

तो शब्द टाकून दे. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. ‘साधारण’ नको. नेमका आकडा, शेवटच्या रुपयापर्यंत, आणि तो घरातल्या एका माणसासमोर मोठ्याने. बजेट, बचत, गुंतवणूक हे सगळं तू मोबाइलवर माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. त्यातलं काहीही आज तुझ्या कामाचं नाही.

कारण तुझं गणित असं आहे. तिन्ही कार्डांचा दर महिना साडेतीन टक्के. २,३९,९४५ वर महिन्याचं व्याज होतं ८,३९८. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,५१२. एकूण ९,९१०. तू दरमहा पाच टक्के किमान रक्कम भरतोस, जवळजवळ बारा हजार. त्यातून मुद्दल फिटतं दोन हजार रुपये आणि वर थोडी चिल्लर. आणि त्याच महिन्यात तू कार्डावर पुन्हा सहा-सात हजारांची खरेदी करतोस. म्हणजे चौदा महिने पोट मारून बारा-बारा हजार भरलेस, तरी देणं वाढतच गेलं. हे तुला कळत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. तू बघत नव्हतास.

आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात ते मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला. बाकी राहिली की ती सवलत गेली. मग नवीन खरेदीवरही त्याच दिवसापासून व्याज. परवाच्या रविवारी मागवलेली ३४९ रुपयांची बिर्याणी पोटात जायच्या आधीच तिचं व्याज सुरू झालं होतं. म्हणून फेडणं आणि वापरणं बरोबरीने चालत नाही. तिन्ही कार्डं आजपासून बंद. ‘एक अडीअडचणीला ठेवतो’ हे तू काल तीनदा म्हणालास. तुझी अडचण ते कार्डच आहे.

मी तुझ्यावर चिडतोय, पण हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. तुला ते माहीत नाही. सोसायटीत कुणालाच माहीत नाही.

२००५ साली आमच्या ऑफिसच्या कँटीनबाहेर टेबल मांडून पोरं कार्डं देत होती. आयुष्यभर फुकट, वर प्रवासाची बॅग. माझा पगार हातात बावीस हजार. पहिला खर्च चैनीचा नव्हता, मुलीच्या शाळेची फी होती, आणि ती भरल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण फीपाठोपाठ टीव्ही आला, मग मेव्हण्याच्या लग्नातला आहेर, मग महाबळेश्वर. दोन वर्षांत चार कार्डं झाली. एका कार्डावरून रोख काढायची, दुसऱ्याचं किमान भरायचं. याची टोपी त्याला आणि त्याची याला. रोख काढली की पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर काढण्याची फी, हे ठाऊक असून मी ते केलं. का, तर तारीख निभावली की त्या रात्री झोप लागायची.

त्या दिवसांत आईकडे गेलो आणि तिच्या पाटल्या मागितल्या. ऑफिसची अडचण आहे म्हणालो. तिने काही विचारलं नाही, साबणाचं पाणी करून हातातून उतरवल्या आणि रुमालात बांधून दिल्या. पतसंस्थेत त्या तारण ठेवून आलेले पैसे मी कार्डांच्या किमान रकमांमध्ये घालवले. सहा महिन्यांत संपले.

मग एका शनिवारी दुपारी वसुलीचा माणूस दारात आला. मी बाहेर होतो. तुझ्या काकूने त्याला विचारलं, किती आहे? त्याने खिशातला कागद काढून वाचून दाखवलं: १,९४,३६०. माझ्या बायकोला माझ्या कर्जाचा नेमका आकडा एका परक्या माणसाने सांगितला. मी घरी आलो तेव्हा ती कणीक मळत होती. मान वर न करता तिने तोच आकडा म्हणून दाखवला आणि विचारलं, “एवढाच आहे का अजून आहे?” तोवर मला स्वतःलाच तो धड माहीत नव्हता.

लोक म्हणतील, बायकोपासून लपवलं, काय माणूस आहे. पण मी ते स्वतःसाठी लपवलं नव्हतं, एवढं तरी मानशील का? वडिलांचं दुखणं होतं, तिच्या माहेरी ताण होते, वरून आणखी हा घोर कशाला, असं मला खरंच वाटायचं. आजही तो विचार सगळा खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण परिणाम एकच झाला. जे अठ्ठ्याण्णव हजारांवर थांबलं असतं ते दुप्पट झालं. तू काल म्हणालास, “बाबांना त्रास नको.” तो माझा शब्द आहे, बाळा. मी तो तीन वर्षं वापरलेला आहे.

फिटलं ते तिने आकडा विचारल्यानंतर फिटलं. तिने भिशीचे चाळीस हजार काढून दिले. चारही कार्डं कात्रीने कापली आणि तुकडे एका डबीत ठेवले. दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बाकी लिहायची, ती माझ्या हाताने. सव्वीस महिने लागले. आईच्या पाटल्या सोडवून आणल्या, तिने त्या पुन्हा घातल्या. मग एकदा जेवता जेवता तिने विचारलं, “सुटलं का रे तुझं ते?” मी म्हणालो, “साधारण सुटलंय, आई.” तेव्हाही खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आता सांगायला ती नाही.

म्हणून तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. काल तुझ्यावर आवाज चढला तो त्यामुळे.

आता पैसे का दिले नाहीत ते. माझ्याकडे आहेत, खोटं कशाला बोलू. २०१५ साली माझ्या साडूला मी नव्वद हजार असेच दिले होते. कार्ड कोरं झालं आणि आठ महिन्यांत पुन्हा भरलं, कारण त्याच्या घरी कुणाला पत्ताच नव्हता. माझे पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण मी दिले नसते तर तो वर्षभर आधी घरी बोलला असता, हे मनातून जात नाही. तुझे दोन लाख मी भरले असते, तर तू ७३ हजारांचं उरलेलं देणं आणि दोन रिकामी कार्डं घेऊन रविवारी रात्री एकटाच बसला असतास.

हो, रविवारी रात्री. तुझ्या लक्षात आलं का ते? सहा महिन्यांची बिलं पाहताना मी लाल पेनाने खुणा करत होतो. रविवारी रात्री दहानंतरच्या एकतीस खरेद्या निघाल्या. बूट, हेडफोन, दोन सारख्याच रंगाची जॅकेटं. सोमवारच्या त्या मीटिंगची धास्ती तू रविवारी रात्री विकत घेऊन घालवतोस. हौस म्हणून घेतलेली वस्तू माणूस वापरतो, तुझे खोके पलंगाखाली न उघडता पडलेत, असं तूच म्हणालास. नोकरीचं काय करायचं तो विषय वेगळा, त्यावर निवांत बोलू. तूर्तास एवढं कर: प्रत्येक ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाक. आणि ते यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही काढ, नाहीतर चहाच्या टपरीवरचा कोड स्कॅन करतानाही तू उधारीच करत असतोस.

कुणीतरी येऊन व्याज कमी करील, याची वाटही बघू नकोस. मी बघितली आहे. जुलै २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिला की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. मी ते कात्रण पाकिटात घालून फिरायचो. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द झाला. सोळा वर्षं. कात्रणाच्या भरवशावर राहिलो असतो तर अजून फेडतच असतो.

आमचं गाव सुप्याजवळ, बारामती तालुक्यात. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली. पुढे १८७९ साली कायदा आला, आणि खत गावच्या निबंधकासमोर करायचं ठरलं, कारण आपण कशावर अंगठा उठवतोय हेच कुळाला कळत नसे. त्यांना कागद वाचता येत नव्हता रे. तुझा कागद दर महिन्याला तुझ्या हातातल्या मोबाइलवर येतो. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, हे रिझर्व्ह बँकेने त्यावर छापायला लावलंय. आणि तू तो उघडत नाहीस.

पुढचं मी फार लांबवत नाही, समोर बसून करू. घरी बोलून झालं की तुझ्या पगाराच्या बँकेत कमी व्याजाचं कर्ज विचारू, वहिनी तयार असतील तर सोनेतारण, आणि त्यातून आधी तीन कार्डं पूर्ण फेडून लेखी बंद करू. बंद करण्याचा अर्ज दिला की बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते करावं लागतं, नाहीतर बँकेकडून दिवसाला पाचशे रुपये दंड तुला मिळतो. अर्जाची पोच ठेव. ‘सेटलमेंट’ करून टाका म्हणणारा फोन येईल, त्याला हो म्हणू नकोस. थोडं सोडतात खरे, पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात तसा शेरा बसतो आणि पुढे घराचं कर्ज काढताना तो तुझ्या आधी खुर्चीत जाऊन बसतो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आले तर वेळ आणि नंबर लिहून ठेव, तसे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

पण हे सगळं घरी बोलल्यानंतर. आधी नाही. यात मी रेसभर मागे सरणार नाही, वाटल्यास हट्टी म्हातारा म्हण. तुझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं होते, महिनाअखेरचं गणित त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. ओरडतील. दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसतील, मी त्यांना ओळखतो.

मंगळवारी संध्याकाळी ते घरी असतात. एकट्याने सांगवत नसेल तर साडेसातला माझी बेल वाजव, मी शेजारी येऊन बसेन. बोलायचं मात्र तू.

कालचा कागद इथेच राहिला होता, तो सोबत पाठवतोय. खालची बेरीज माझ्या अक्षरात आहे. मी ती खोडली आहे, तू तुझ्या हाताने लिहून आण.

तुझा,
काका