जनुकाचा अहवाल हाती येईपर्यंत प्रत्यारोपणाची औषधे ठरवू देऊ नका

आपल्या बाळाच्या अहवालात टी आणि बी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नाहीत, एनके या तिसऱ्या प्रकारच्या पेशी मात्र आहेत, म्हणजे हा जन्मजात गंभीर रोगप्रतिकारदोष (एससीआयडी) आहे. अशा वेळी अस्थिमज्जा प्रत्यारोपण ठरलेलेच असताना जनुकीय तपासणीचा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मुलीचा पहिला अहवाल असाच होता. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे सारे एका पालकाचे मत समजावे. विलगीकरण आणि जिवंत लसी टाळण्याबद्दल आपल्याला सांगितले गेले असेलच, म्हणून ते सोडून देतो.

खर्च अवश्य करावा. टी आणि बी पेशींना आपले रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारे रेणू, घडवण्यासाठी स्वतःचाच डीएनए कापून पुन्हा जोडावा लागतो. सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल ज्या संशोधनासाठी मिळाले ते याच जुळणीचे. कापण्याचे काम रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने करतात. कापलेली टोके केसांच्या आकड्यासारखी मिटतात, ती आर्टेमिस हे प्रथिन उघडते आणि लायगेज-४ व त्याच्या जोडीची प्रथिने ती सांधतात. एनके पेशींना या कापाकापीची गरज नसल्याने त्या शिल्लक राहतात, आणि दोष कापण्यात असो वा जोडण्यात, पेशींची मोजणी सारखीच दिसते. मात्र रॅगचे काम टी आणि बी पेशींपुरतेच असते, तर आर्टेमिस आणि लायगेज-४ शरीरभरच्या पेशींत तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करतात. त्यामुळे त्यांच्यात दोष असलेल्या मुलांना किरणोत्सर्ग आणि प्रत्यारोपणापूर्वी जुनी अस्थिमज्जा रिकामी करण्यासाठी दिली जाणारी बुसल्फानसारखी औषधे इतरांपेक्षा फार जास्त बाधतात.

आमच्या वेळी खर्च मंजूर करणाऱ्या कार्यालयाने ‘तपासणीने उपचार बदलत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. जनुकाचे नाव कळल्याने औषधाची मात्रा बदलते, हे तेथील कोणालाही समजून घ्यायचे नव्हते. प्रत्येक खिडकीवर तोच छापील शेरा दाखवला जाई. प्रत्यारोपण नेहमीच्या मात्रेने झाले आणि आर्टेमिसचे नाव त्यानंतर कळले. मुलगी आज शाळेत जाते, पण तिची उंची मागे राहिली आणि कायमचे दात नीट आले नाहीत. आर्टेमिस आणि रॅग दोषांच्या मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासात अशी औषधे मिळालेल्या आर्टेमिसच्या मुलांमध्ये नेमके हेच त्रास अधिक आढळले आहेत, हे मी नंतर वाचले. सगळा दोष त्या शेऱ्यावर टाकणे कदाचित अन्यायाचे होईल, तरी माझा राग अजून गेलेला नाही.

निदान होईपर्यंत प्रत्येक सीटी स्कॅनच्या आधी ‘सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का?’ असे विचारत जा. रक्त देताना पिशवी ‘किरणोत्सर्गित’ हवी असे सांगितले तर घाबरू नका: किरण पिशवीतील दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निष्क्रिय करण्यासाठी असतात, बाळाला ते लागत नाहीत. संसर्ग आटोक्याबाहेर जात असेल, तर मात्र अहवालासाठी थांबणेच धोक्याचे ठरू शकते. तो निर्णय डॉक्टरांचाच.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. आर्टेमिसच्या जनुकात सुरुवातीचे मोठे तुकडेच गळालेले असणे वारंवार आढळते, आणि साध्या एक्झोम तपासणीतून (जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचणारी तपासणी) ते निसटू शकतात. म्हणून ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल आला, तर मोठ्या गळती तपासल्या का हे प्रयोगशाळेला लेखी विचारा, आणि त्वचेच्या पेशींवर किरणसंवेदनशीलतेची चाचणी करता येईल का हे डॉक्टरांना विचारा.