तुम्ही विचारा: शिकागोचं नाटक

प्रश्न: ताई, अमेरिकन नाटक म्हटलं की आपल्याला ब्रॉडवे सोडून काही माहीत नसतं, पण हल्ली सगळीकडे वाचते की चांगले नट शिकागोहून येतात. असं काय आहे तिथे? आणि थिएटरचे दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात ते शिकागोतल्या कुठल्याशा आगीमुळे, हे खरं की फेकाफेक?

उत्तर: आगीचं आधी सांगते, कारण ती गोष्ट डोक्यातून जात नाही. आयरोक्वॉय थिएटर नोव्हेंबर १९०३ मध्ये उघडलं, जाहिरातीत लिहिलेलं की इथे आग लागूच शकत नाही, आणि जेमतेम पाच आठवड्यांत, ३० डिसेंबरला, दुपारच्या शोला स्टेजवरच्या लाइटची ठिणगी पडद्याला लागली. नाताळची सुट्टी, त्यामुळे हाऊसफुल, बहुतेक बायका आणि मुलं. आग अडवणारा पडदा खाली सोडला तर मध्येच अडकला. एडी फॉय म्हणून विनोदी नट होता, तो मेकअपमध्येच पुढे येऊन लोकांना शांत बसा शांत बसा सांगत राहिला, ऑर्केस्ट्राला वाजवत रहा म्हणाला. पण काही दरवाजे आतल्या बाजूला उघडणारे, काहींच्या कड्या कुणाला उघडताच येईनात, आणि वरच्या स्वस्त तिकीटवाल्यांनी खाली चांगल्या सीटवर येऊन बसू नये म्हणून जिन्यावरची गेटं चक्क कुलूपबंद! ६०२ माणसं गेली. शिक्षा कुणालाच झाली नाही, याचा मला अजून राग येतो.

आता दरवाज्यांचं. सगळं श्रेय ह्या एकाच आगीला देता येणार नाही, व्हिएन्नात १८८१ ला रिंगथिएटर जळालं तेव्हाही हाच धडा मिळालेला. पण दारावर जो आडवा दांडा असतो ना, नुसता ढकलला की दार उघडतं, तो मात्र ह्याच आगीतून आला. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरवाला त्या दिवशी शोला जाणार होता, कामामुळे राहिलं, मग त्याने एका इंजिनिअरला बरोबर घेऊन तो दांडा बनवला.

बरं, आता मेन प्रश्न. माझं मत विचाराल तर शिकागोचं नाटक मोठ्या थिएटरात घडलंच नाही. मोठी थिएटरं होती, १८८९ चं ‘ऑडिटोरियम’ नावाचं थिएटर तर आजही बघत रहावं असं आहे, पण नवीन काही झालं ते अगदी चिमुकल्या जागांमध्ये. १९१२ मध्ये मॉरिस ब्राउन आणि एलन व्हॅन व्होल्कनबर्ग ह्यांनी एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर ९१ सीटचं लिटल थिएटर काढलं, पाच वर्षं कसंबसं चालवलं आणि बंद झालं, पण अख्ख्या अमेरिकेत तशी छोटी थिएटरं निघायला लागली.

तिकडे हल हाऊसमध्ये, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी जेन अ‍ॅडम्सने चालवलेल्या केंद्रात, व्हायोला स्पोलिन मुलांचे खेळ शिकली आणि त्यातूनच तिने नटांसाठी खेळ रचले. भाषा धड येत नसलेली मुलंही खेळता खेळता अभिनय करायची! तिचा मुलगा पॉल सिल्स, त्याने दोन मित्रांबरोबर १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ नावाचं विनोदी थिएटर सुरू केलं, एका जुन्या लाँड्रीच्या जागेत. स्क्रिप्ट हातात नाही, प्रेक्षक काहीतरी ओरडून सांगणार आणि नट तिथल्या तिथे सीन उभा करणार. आणि ते नावही गंमतच, न्यूयॉर्कच्या एका मॅगझिनने शिकागोला दोन नंबरचं शहर म्हणून चिडवलेलं, ह्यांनी तेच पाटीवर लावलं.

स्टेपनवुल्फ ह्या नाटक कंपनीचंही तेच. गॅरी सिनीज, टेरी किनी, जेफ पेरी, सगळी विशीतली पोरं, १९७६ ला हायलँड पार्क उपनगरात शाळेच्या तळघरात ८८ सीट मांडून बसली. सिनेमात गाजलेला नट जॉन माल्कोविच तिथलाच. ८८ सीटमध्ये पहिल्या रांगेतल्या माणसाला नटाचा घाम दिसतो, खोटं चालतच नाही, म्हणून त्यांचा तो आरडाओरडा, मारामारीचा अंगावर येणारा अभिनय. आणि पडलं नाटक तर पडलं, नुकसान थोडकं. ब्रॉडवेवर एवढा पैसा लागलेला असतो की कुणी रिस्क घेणार कशाला?

हां, आणि ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं चाललेलं ते ‘ग्रीस’ नावाचं संगीत नाटक, ते पण १९७१ ला पहिल्यांदा शिकागोतल्याच एका छोट्या थिएटरात झालेलं, जिथे आधी ट्रामगाड्या ठेवायचे.