म्युनिकची ऑफर, तिसरीतली मुलगी आणि ‘पाच वर्षांनी परत येऊ’

तुमचा प्रश्न असा: हिंजवडीतली नोकरी सोडून जानेवारीत म्युनिकला जावं का? मुलगी सव्वाआठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यमात. मुलगा दीड वर्षाचा. पत्नी बीएएमएस, स्वतःचा दवाखाना चालवते. चार-पाच वर्षं राहून परत यायचा बेत. व्हिसाच्या अटी, ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवासपरवान्याला, लागणारा पगार, अर्जाचे फॉर्म हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट मांडलेलं आहे, म्हणून ते सोडून देते. तुमच्या प्रश्नात पगारावर आठ ओळी आहेत, मुलीवर दीड आणि पत्नीवर अर्धी. मी स्वतः जर्मनीत राहते आणि बरोबर उलट्या क्रमाने लिहिणार आहे. हा प्रश्न वाचल्यापासून मनात जे ढवळून निघालंय ते तिथलंच आहे.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीच्या मे महिन्यात शाळा एक दाखला देते, त्याला यूबरट्रिटत्सोयग्निस म्हणतात. मूल पाचवीत कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार ते त्यावर ठरतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधल्या पातळीची शाळा. त्यापुढे मिटेलशूल, म्हणजे व्यवसायशिक्षणाकडे नेणारी शाळा. सरासरी हुकली तर तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात, पण तेही जर्मन आणि गणिताचेच आणि जर्मनमधूनच.

आता महिने मोजा. जानेवारीत मुलगी इथल्या तिसरीत बसली तर त्या दाखल्यापर्यंत तिच्या हाती सोळा महिने राहतात. सहा-आठ महिन्यांत मूल छान बोलायला लागतं, शेजारी कौतुक करतात आणि आईवडिलांना वाटतं, सुटलो. पण मैदानावरची भाषा वेगळी आणि परीक्षेतली वेगळी. परिसर अभ्यासात पाण्याचं चक्र, विजेचं मंडल, नगरपालिकेचा कारभार असे विषय येतात आणि उत्तरं पूर्ण वाक्यांत मागतात. प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग, आणि वाक्यात जागा बदलली की लिंगदर्शक शब्दाचं रूपही बदलतं. गणित तरी सुटेल असं आपण धरून चालतो. पण गणितातही शाब्दिक उदाहरणं भरपूर असतात. त्यात दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, हजारांच्या जागी टिंब आणि लेखी गुणाकार-भागाकाराची मांडणी आपल्यापेक्षा वेगळी. उत्तर बरोबर येऊनही रीत चुकली म्हणून गुण जातात. मूल घरी येऊन म्हणतं, मला गणित येत नाही. येत असतं.

एका बाबतीत मराठी उपयोगी पडते. जर्मनमध्ये आकडे एकवीस, बावीस, तेवीस असेच म्हणतात, आधी एकक आणि मग दशक. इंग्रजी माध्यमातलं मूल ‘ट्वेंटी वन’ला सरावलेलं असतं, म्हणून ऐकून लिहिताना २१ चे १२ करतं. निघण्याआधी तिच्याकडून शंभरापर्यंतचे मराठी आकडे रोज उलटसुलट म्हणून घ्या. पंधरा दिवस पुरतात.

यायचंच ठरलं तर मुख्याध्यापिकेला पहिल्याच भेटीत सांगा, मुलीला एक इयत्ता खाली, म्हणजे दुसरीत बसवा. शेवटचा निर्णय शाळेचा असतो, पण पालकांनी मागितलं तर त्याचा विचार होतो. सोळाचे अठ्ठावीस महिने होतात. ‘वर्ष फुकट जाईल’ हा विचार आपल्या हाडात भिनलेला आहे. तो पुण्यातच सोडून या. शिवाय बव्हेरियात अशी तरतूद आहे की मातृभाषा जर्मन नसलेलं आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेलं मूल ३.३३ सरासरीपर्यंतसुद्धा वरच्या शाळेसाठी योग्य ठरवता येतं. त्याची उणीव भाषेची आहे आणि ती भरून निघेल असं शाळेला वाटायला हवं. ही तरतूद आपणहून कोणी सांगेल याची वाट पाहू नका. तिसरीच्या अखेरीलाच वर्गशिक्षिकेशी बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

दहा वर्षांच्या मुलाची बुद्धी आणि त्याला आतापर्यंत आलेलं जर्मन या दोन गोष्टी इथे एकाच आकड्यात मोजल्या जातात. हे मला आजही सलतं, आणि इतक्या वर्षांत कोणी त्याचं पटेल असं उत्तर दिलेलं नाही. वाटा पुढे खुल्या असतात हे खरं. रेआलशूलची दहावी, मग फाखओबरशूल, म्हणजे त्यापुढची व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळा, तिथून पुढचं उच्च शिक्षण, असे असंख्य जण जातात. पण दहाव्या वर्षी लागलेलं लेबल मूल स्वतःवर वाचतं, आणि ते पुसायला आईवडिलांना फार बोलावं लागतं. तुमच्या कंपनीचं कार्यालय बर्लिनमध्ये असेल तर तिथली जागा मागून पाहा, कारण बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये, म्हणजे ड्युसेलडॉर्फ-कोलोनच्या राज्यात, शाळा फक्त शिफारस करते आणि शेवटचा शब्द पालकांचा असतो. जर्मनी हा शाळेपुरता एक देश नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ‘मी पुढे जातो, घर लावतो, तुम्ही सहा महिन्यांनी या’ ही आपली नेहमीची पद्धत तुमच्या बाबतीत महाग पडेल. ते सहा महिने मुलीच्या अठ्ठावीसातून जातात. दोन महिने ठीक. बव्हेरियात सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून कंपनीने दिलेलं तात्पुरतं घर ज्या भागात कायमचं घर शोधणार त्याच भागात मागा. नाहीतर तिला वर्षात दोन शाळा बदलाव्या लागतील.

मुलाचं सोपं आहे. पहिल्या वाढदिवसापासून पाळणाघरातली जागा हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात रांग लांब असते, म्हणून पत्ता हातात आल्या दिवशी नाव घाला. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याशिवाय किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, घेत नाहीत. हा कायदा २०२० पासून आहे. आपल्या सरकारी वेळापत्रकात दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, तेव्हा तो निघण्याआधीच द्या आणि डॉक्टरांकडून लसीचं नाव, तारीख, सही, शिक्का असा इंग्रजी कागद घ्या. ‘गोवर-रुबेला’ लिहिलेलं मराठी कार्ड इथे कोणाला वाचता येत नाही. जागा मिळाली तरी पहिले दोन ते चार आठवडे, कधी जास्तच, आई किंवा वडिलांनी मुलासोबत तिथे बसायचं असतं. आधी तास, मग दोन तास, मग दाराबाहेर. तेवढी रजा कोण घेणार ते आताच ठरवा.

आता तुमच्या पत्नीविषयी. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतंही काम करायची परवानगी असते, हे तुम्ही वाचलं असेलच. पण ती परवानगी वैद्यकीला लागू होत नाही. बीएएमएस किंवा बीएचएमएसच्या पदवीवर जर्मनीत डॉक्टर म्हणून परवाना मिळत नाही. भाषा कितीही चांगली आली तरी नाही. आयुर्वेदाचं काम करायचं असेल तर हाइलप्राक्टिकर नावाचा वेगळा परवाना आहे. त्याची परीक्षा आरोग्य खात्यातर्फे होते. लेखीला साठ प्रश्न, त्यातले पंचेचाळीस बरोबर यावे लागतात, मग तोंडी, आणि सगळं जर्मनमध्ये. दुसरा मार्ग औषधकंपन्यांतल्या चाचण्या आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींच्या कामाचा, तिथे इंग्रजीवर काही जागा निघतात. तिसरा परिचारिकेच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा, ज्याला साधारणपणे बी-२ पातळीचं (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली चौथी) जर्मन मागतात. चालता दवाखाना असलेल्या बाईला हा तिसरा मार्ग सुचवताना जीभ जड होते, पण लपवण्यात अर्थ नाही.

आणि कोणताही मार्ग घेतला तरी आधी भाषा. सरकारी भाषावर्ग ६०० तासिकांचा, त्यावर १०० तासिका देशाच्या ओळखीच्या. रोज सकाळचे चार तास धरले तर सात-आठ महिने. मुलगा पाळणाघरात नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून नोकरी नाही, आणि मुलीची शाळा बाराच्या पुढेमागे सुटते म्हणून दुपारही नाही. शाळेनंतर सांभाळणारी सोय असते, पण तिलाही अर्ज आणि प्रतीक्षायादी आहेच. या साखळीत सापडलेली बाई दोन वर्षांनी म्हणते, माझं इथे काय आहे? तेव्हा ‘इतका चांगला पगार येतोय’ हे त्याचं उत्तर होत नाही. तिने निघायच्या आधी पुण्यातच ए-२, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत मजल मारली तर पहिलं वर्ष वाचतं. दवाखाना विकू नका, कोणा सहकाऱ्याला चालवायला द्या. आणि तिला एकटीला बसवून विचारा. सासू-सासऱ्यांसमोर विचारू नका.

कागदांपैकी जिथे हमखास अडतं तेवढंच सांगते. इथे पोलिसांत नव्हे, नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाची सही लागते. काही तात्पुरत्या घरांचे मालक ती देत नाहीत. नोंदणी नाही तर करक्रमांक मिळत नाही, आणि करक्रमांक नसेल तर पगारावर सर्वांत जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. घर घेण्याआधी ‘पत्तानोंदणी करता येईल का’ हे लेखी विचारा. कायमच्या घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. स्वयंपाकघर बऱ्याचदा रिकामं असतं, अगदी सिंकसुद्धा नसतं.

मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, आणि निवासपरवाना पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. मुलीच्या पासपोर्टाचं एक वर्ष उरलं असेल तर तिचा परवानाही वर्षाचाच, आणि मग परदेशी-नागरिक कार्यालयाची वेळ मिळवण्याची सगळी कसरत पुन्हा. पुण्यातूनच नवा काढून निघा. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना भरलेला आहे का ते आजच पाहा. प्रसूतीनंतर लगेच नोंद होते, नाव मागाहून घालायचं राहून जातं, आणि ‘बेबी ऑफ’ लिहिलेला दाखला इथे कोणी चालवून घेत नाही. परवान्याच्या नूतनीकरणात मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात. त्यावर निवासकायद्याच्या ८१व्या कलमातल्या चौथ्या उपकलमापुढे खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्यापुढे असेल तर त्यावर परत येता येत नाही. तिकीट काढण्याआधी ती खूण बघा. खिडकीवरचा माणूस घाईत असतो, भाषा तुमची नसते, आणि सगळं कुटुंब त्या एका चौकोनावर टांगलेलं असतं. हा संताप वर्षांनी कमी होईल असं वाटायचं, तसं झालेलं नाही.

विम्यात घाई करू नका. वर्षाचा पगार ७७,४०० युरोंच्या वर असेल (२०२६ ची मर्यादा) तर खासगी आरोग्यविमा घ्यायची मुभा मिळते आणि एजंट लगेच मागे लागतात. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि परत फिरणं कठीण. तुम्ही चौघं आहात, सार्वजनिकच घ्या. मुलांचा भत्ता दरमहा दरडोई २५९ युरो आहे, पण अर्जाच्या मागचे सहाच महिने मिळतात, तेव्हा तो अर्ज पहिल्या महिन्यात.

एकटेपणाचं विचारलंत. तो असतो, नोव्हेंबरात जास्त असतो, महाराष्ट्र मंडळ, गणपती आणि चार ओळखीची घरं मिळाली की निभतं. मोठ्या माणसांनी त्याचं फार करू नये.

आईवडिलांचं मात्र निभत नाही. ते पाहुणे म्हणून येऊ शकतात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. ज्या कुशल कर्मचाऱ्यांचा पहिला परवाना १ मार्च २०२४ चा किंवा त्यानंतरचा आहे त्यांना आता आईवडिलांना आणि सासू-सासऱ्यांनाही राहायला आणता येतं. तुम्ही त्यात बसता. पण त्यांचा पूर्ण आरोग्यविमा दाखवावा लागतो, ते तुमच्या कौटुंबिक विम्यात येत नाहीत, आणि सत्तरीतल्या मधुमेही माणसाला तसा विमा मिळवणं हाच खरा अडसर आहे. मुलांची शाळा बुडवून तुम्हीही जाऊ शकत नाही. शाळेची सक्ती इथे कायद्याने पाळतात, दंड होतो. म्हणजे डिसेंबरातलं लग्न गेलं, मे महिन्यातला आंबा गेला. गणपती ऑगस्टअखेर आले तर उन्हाळी सुट्टीत सापडतात, दिवाळी कधीमधी शरदातल्या आठवड्याच्या सुट्टीत. आजीआजोबा नातवंडांना वर्षातून तीन आठवडे दिसतात, तेही पावसाळ्यात.

आणि तुमची ती पाच वर्षं. पाच वर्षांनी मुलगी तेरा वर्षांची असेल. जर्मनमध्ये विचार करणारी, देवनागरी अडखळत वाचणारी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. तेव्हा परत आणणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा देशांतर करायला लावणं. परतीची खरी खिडकी ती चौथी संपेपर्यंतच उघडी असते. मग कोणी ‘आता राहूया’ असं ठरवत नाही. एका वर्षी तिची परीक्षा, दुसऱ्या वर्षी घराचं कर्ज, आणखी एका वर्षी नागरिकत्वाच्या अर्जाची पात्रता येते, आणि परत जायचं वाक्य तसंच बोललं जात राहतं. मीही ते अजून बोलते. ते खरं आहे की नाही हे मला आज सांगता येत नाही.

म्हणून निघण्याआधी तुम्ही दोघं एक तारीख लिहून ठेवा. इथल्या दुसरीत बसली तर ती तिसरी संपवेल त्या उन्हाळ्याची. त्या दिवशी राहायचं की परतायचं ते बोलून ठरवायचं, पुढे ढकलायचं नाही. आणि तोवर दोन्ही दारं उघडी राहावीत म्हणून घरात मराठीच बोला. मोडकं जर्मन तिला आपल्याकडून शिकायचं नाहीये. बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, पण छापील घ्या. रोज एक पान, मोठ्याने, जेवणाआधी. चारही पुस्तकांचं मिळून वजन सामानात जाणवतही नाही.